विसण

वटार, ७ फेब्रुवारी १९९९

दादा,

वटारहून गोखिवऱ्याला सायकलवर निघालेला माणूससुद्धा दुपारच्या जेवणाला पोचेल, आणि मी पाकिटाला तिकीट चिकटवते आहे. पोस्टमनला हसू येईल. येऊ दे. तू घर सोडून गेलास त्याला सव्वा वर्ष झालं. एवढ्या काळात तू आईची विचारपूस केली नाहीस, आणि आईनेही घरात तुझं नाव काढू दिलं नाही. तुम्ही मायलेक फिट्टंफाट. मधल्यामध्ये लटकले मी.

विचारलं नाहीस तरी सांगते, आई आजारी आहे. घाबरू नकोस, अंथरुणावर नाही. सकाळी उठते, वाडीला पाणी लावते, तुला दोन शिव्या घालते, सगळं नियमाने चालू आहे. बिघडलाय तो हात. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट आत वळून बसलंय, सरळ होत नाही. मोगऱ्याचे गजरे बांधायला बसली की कळ्या निसटून मांडीवर पडतात आणि तिच्या लक्षातही येत नाही. आपली आई, जी बोलता बोलता, न बघता केळीच्या सोपट्याच्या दोऱ्यात गजरा ओवायची! गेल्या महिन्यात एकदा रागाने तिने सगळी परडीच उकिरड्यावर फेकली. तेव्हा मी तिला पॉलिन डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी तिचं कोपर हातात घेतलं, मागच्या खोबणीत बोट फिरवलं आणि मला म्हणाल्या, "रीमा, तूही लावून बघ." नस होती ती. दोरीसारखी जाड आणि टणक. मग त्यांनी काचेच्या दोन नळ्या आणल्या, एकीत गरम पाणी, दुसरीत गार. आईला डोळे मिटायला सांगितले. हाताला एक नळी टेकवली. "बायजाबाई, गरम का थंड?" आई म्हणाली, "गार." दुसरी टेकवली. "ही पन गारच." पायांवर टेकवल्या. "गार. सगल्या गारच हायत, डाक्टरीनबाय, कितींदा इचारशील?" गरम नळी माझ्या हाताला लावून बघितली मी, दादा. धरवत नव्हती.

आपण लहानपणापासून काय मिरवत आलो, आठवतं? आमच्या आईला तव्यावरची भाकरी उलटायला कालथा लागत नाही. चुलीवरचा टोप उतरवायला फडकं लागत नाही. बाबा तर पाहुण्यांना बोलावून दाखवायचे, बायजेच्या हातांना देवाची राखण आहे म्हणून. मागची सहा-सात वर्षं तर ती निखारासुद्धा चिमटीत धरून चुलीत ढकलायची आणि आपण कौतुकाने हसायचो. गावात एकही बाई अशी नाही जिने आईच्या हातांचा हेवा केला नसेल.

आणि मी त्या वेळी शाळेत काय शिकवत होते? गरम वस्तूला बोट लागलं की हात झटकन मागे येतो, या क्रियेला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात, हे उदाहरण परीक्षेला हमखास येतं. मग घरी येऊन त्या हातची भाकरी खायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो.

आता त्या दिवसाचं. तुझी नुपूर अडीच महिन्यांची होऊन पहिल्यांदा वटारला आली होती. तिला न्हाऊ घालायचा मान आजीचा, म्हणून आई न्हाणीत पाय पसरून बसली आणि पोरीला नडग्यांवर पालथी घेतली. हंड्यातून वाफ येत होती. ज्ञानदा वहिनी दारात उभी होती, ती म्हणाली, "आई, जरा कढत वाटतंय हो." आईने बादलीत कोपरापर्यंत हात बुडवला, ढवळला आणि म्हणाली, "इसन घातलंय मी. कोमट हाय." विसण तिने घातलं होतं, दादा, मी पाहिलं होतं, एक तांब्या गार पाणी. पण ते पुरलं की नाही हे कोण ठरवणार? हातच ना?

पुढचं तुला माहीत आहे. पोरगी किंचाळली, तू तिला टॉवेलात गुंडाळून रिक्षा गाठलीस. वहिनीला बाळंतपणातलं आईचं वाक्य आठवलं, "पयली पोरगीच का?" उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं बोलली होती ती तेव्हा, आणि लगेच पोरीची दृष्टही काढली होती. पण वहिनीने ते वाक्य आणि हे पाणी एकत्र बांधलं. तुलाही ते पटलं.

आता तुला जे माहीत नाही ते. तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी आईच्या दोन्ही नडग्यांवर फोड पाहिले, फुटून ओले झालेले. विचारलं तर म्हणाली, "वाडीत कायतरी लागलं असंल." जी बाई मुद्दाम कढत पाणी ओतेल ती आधी स्वतःच्या पायांवर ओतून घेईल का? तिला कळलंच नाही. हाताला नाही, पायांनाही नाही. एवढंच सांगायला हे पत्र. डॉक्टर म्हणतात नसांचा आजार आहे, गोळ्या चालू आहेत. तू ये. तिला सांगू नकोस मी बोलावलं म्हणून.

रीमा

वटार, २ मार्च १९९९

दादा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या पत्राला उत्तर काय, तर "आजाराचं नाव काय?" तेही उघड्या कार्डावर. पोस्टमनने वाचून, मान हलवून मग माझ्या हातात दिलं.

सांगते. पण माझ्या पद्धतीने सांगते, नववीला शिकवते तसं, कारण तू नववीत असताना या धड्याच्या दिवशी चिंचोटीच्या धबधब्यावर पळाला होतास.

शरीरातल्या चार ऊतींपैकी शेवटची चेता ऊती. तिची पेशी दिसायला बाकीच्यांसारखी गोल-चौकोनी नसते. एक छोटं पेशीकाय, त्याला फुटलेल्या वृक्षिका, त्यांनी बातमी आत घ्यायची. आणि एक लांबच लांब तंतू, त्याने बातमी न्यायची. आईच्या बोटाला चटका बसला हे सांगणारी पेशी राहते कण्याजवळ, पण तिचा तंतू पार बोटाच्या टोकापर्यंत आलेला असतो. हातभर लांबीची एकच पेशी! मुलांना ते खरंच वाटत नाही. त्या तंतूभोवती आवरण असतं, केळीच्या खांबाला सोपटं असतात तसं, एकावर एक गुंडाळलेलं. आवरण धड असेल तर निरोप पळत जातो. असे पुष्कळ तंतू जुडीत बांधले की झाली नस. एका पेशीचा तंतू दुसरीला चिकटलेला नसतो, मध्ये बारीकशी फट असते आणि निरोप ती ओलांडून जातो. आपल्या दोघांसारखंच म्हणणार होते, पण आपल्यात निरोप ओलांडत नाही.

या आजाराचे जंतू नेमके त्या आवरणाच्या पेशींमध्ये बिऱ्हाड करतात. सावकाश. वर्षानुवर्षं. नस आतून सुजते, आवळली जाते, तंतू मरतात. दुखतं म्हणून माणूस डॉक्टरकडे जातो, इथे दुखणंच मरतं. मग जायचं कशाला? आईच्या हातावर तो फिकट डाग होता ना, ज्याला आपण पाण्याचा डाग म्हणायचो, तिथून सुरुवात झाली असावी.

ताकाला जाऊन भांडं लपवते आहे. कुष्ठरोग. आपल्याकडे ज्याला महारोग म्हणतात आणि म्हणताना इकडेतिकडे बघतात, तोच.

आता कागद खाली ठेवू नकोस, पुढचं वाच. गोळ्या सुरू झाल्या की तो दुसऱ्याला लागत नाही. मी आईच्या ताटात जेवते, तिच्या शेजारी झोपते. माझी तपासणी झाली, मला काही नाही. जंतू वर्षभरात मरतील. हाताचं विचारलं तर पॉलिन डॉक्टर म्हणाल्या, "जे तंतू जिवंत आहेत ते वाचतील. मेलेले नाही उठायचे. फार उशीर झालाय." मी त्यांच्याशी वाद घातला. पुस्तकातले दाखले दिले. त्यांनी ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी.

आईवरचा आळ काढायला मला दुसरं एखादं नाव मिळालं असतं तर मी ते लिहिलं असतं. नव्हतं. हे मी फक्त तुला कळवते आहे. वहिनीला सांगावं लागेल, सांग, पण तिच्यापुढे जाऊ देऊ नकोस. माझं बोईसरच्या कौस्तुभशी ठरतंय, त्याच्या घरचे एप्रिलमध्ये याद्या करायला येणार आहेत. माणूस बरा आहे. मी चिडले की हसतो.

रीमा

वटार, १९ मे १९९९

दादा,

कौस्तुभच्या घरचे आले नाहीत. पत्रिका जुळत नाही म्हणतात. जानेवारीत जुळत होती, ग्रह मध्येच उठून दुसरीकडे बसले असावेत. त्यांच्या इमारतीत वहिनीचे मामा राहतात हे मला ठाऊक आहे. आईचा आजार मी एका माणसाला लिहिला होता. बातमी बोईसरला कशी पोचली याबद्दल एक अक्षर लिहिणार नाही, वाचणाऱ्याला समजायचं ते समजेल.

रडले. एकदाच, शाळेत, प्रयोगशाळेत दार लावून. घरी रडायची सोय नाही, आई कारण विचारते.

माझं मार्चचं पत्र मिळाल्यावर तू शाळेत फोन केलास. शिपाई वर्गावर बोलवायला आला, "मॅडम, तुमच्या भावाचा फोन." मी हातात खडू तसाच घेऊन पळत गेले. जिन्यात मी काय काय ठरवलं असेल! रविवारी येतोस, एकटा येतोस, पोरीला आणतोस. आणि तू विचारलंस, "नुपूरला तपासायला लागेल का?" मुख्याध्यापक समोर बसलेले. मी म्हटलं, दाखवून घ्या, भिण्यासारखं काही नाही, डॉक्टरांनी हेच सांगितलंय. मग मी थांबले. वाटलं, आता विचारशील आई कशी आहे. तू म्हणालास, "ज्ञानदा म्हणते, आता तर नकोच. लहान पोर आहे." आणि फोन ठेवलास.

दादा, नीट बघ हं काय झालं ते. आधी आई दुष्ट होती म्हणून नको होती. आता ती निर्दोष आहे म्हणून नको आहे. मी तिची सुटका करायला गेले आणि दाराला आणखी एक कडी घालून आले.

वहिनीवर राग धरणार होते, धरवत नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, इथे तर पोर पोळलं आहे. तिला भीती वाटते हे मला समजतं. तुझं समजत नाही. तू या हातांनी भरवलेला आहेस.

आईचं सांगते. तिला आजार माहीत आहे. हात बधिर झालाय हेही माहीत आहे. आणि पाणी गरम नव्हतं हेही तिला माहीत आहे, ते तर ती देवावर हात ठेवून सांगेल. या दोन गोष्टी तिच्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांमध्ये राहतात. मधलं दार उघडू नये म्हणून मी राखण करते. तिच्या हिशेबी तूच चुकला आहेस, आणि एक दिवस तू येणार, खाली मान घालून म्हणणार, आई, पाणी गरम नव्हतं. त्या दिवसासाठी तिने राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून त्यांची सुकेळी डब्यात भरून ठेवली आहेत. वाकड्या बोटांनी केलेली, आकार सगळा बिघडलेला. मी सोलून देते म्हटलं तर ओरडली.

सकाळी तिच्या आंघोळीचं पाणी आता मीच काढते. मी विसण घालते, मीच हात घालून बघते. ती चिडते. "मला काय पानी कलत नाय? येडी हाय मी?" मी म्हणते, गोळ्यांनी अंग तापतं म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. खोटं बोलायला मी आता सरावले आहे.

नुपूरच्या तपासणीचं काय झालं ते कळव. पोस्टकार्ड चालेल. आईने आजाराचं कळल्यापासून दोनदा विचारलं, "पोरीला तर नाय ना लागलं?"

रीमा

वटार, १४ नोव्हेंबर १९९९

दादा,

निकाल कळव म्हटलं होतं, सहा महिने झाले. दिवाळीही गेली. भाऊबीजेला मी पाट मांडला नाही, आईने मांडला. मी उचलून ठेवला तर पुन्हा मांडला.

डाव्या हाताचं बोटही वळायला लागलं आहे. दुसरं काही नाही लिहिण्यासारखं.

रीमा

वटार, ३० जानेवारी २०००

दादा,

आईच्या गोळ्या संपल्या. पॉलिन डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आजार बरा झाला. त्या मनापासून हसल्या, मला पेढे हवेत म्हणाल्या. आईने आपले दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले आणि विचारलं, "बरी झाली तर ये हात असे का?" डॉक्टरांनी तेच सांगितलं जे मला वर्षापूर्वी सांगितलं होतं.

मग शेवटची तपासणी म्हणून त्यांनी त्या दोन नळ्या काढल्या. आईने डोळे मिटले. इतक्यात बाहेर कोणाचं तरी मूल पडलं म्हणून हाक आली आणि डॉक्टर नळ्या स्टँडवर ठेवून बाहेर धावल्या. आईने डोळे उघडले. थंडीचे दिवस, एका नळीतून वाफ चांगली दिसत होती. आई तिच्याकडे बघत राहिली. मी म्हणाले, "आई, डॉक्टर येईपर्यंत डोळे मीट." तिने ऐकलं नाही. वाफेची नळी उचलली आणि स्वतःच्या हातावर टेकवली. मग दुसरी टेकवली. मग परत पहिली, मनगटावर, कोपराखाली. चेहऱ्यावर काही नाही.

मग तिने माझा हात ओढला आणि ती नळी माझ्या हाताला लावली.

मला माहीत होतं ती काय करते आहे. हात तसाच ठेवायचा, गार आहे म्हणायचं, वर्षभर बोलले तसं आणखी एक खोटं बोलायचं, हे सगळं मी त्या क्षणात ठरवलंसुद्धा. पण हात झटकन मागे आला. ही क्रिया मेंदूला विचारून होत नाही, दादा. निरोप कण्यापर्यंत जातो आणि तिथूनच परत फिरतो. मी इतकी वर्षं फळ्यावर बाण काढून हेच दाखवत आले.

आईने नळी जागेवर ठेवली. "चल," म्हणाली.  घरी आल्यावर न्हाणीत जाऊन उभी राहिली, तिथूनच मला हाक मारली.

"ती माज्या पायांवर व्हती ना?"

"हो."

"मंग पाय पन तसलेच माजे."

"हो, आई."

ती हंड्याकडे वळली. मग म्हणाली, "पानी गरम व्हतं."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दादा, वहिनी खोटं बोलली, लेक मितेश बायकोच्या नादी लागला, आपण काही केलं नाही, या बळावर ती दोन वर्षं ताठ उभी होती. तुझ्यावरचा राग हा तिचा आधार होता. तो मी तिच्याजवळ राहू द्यायला हवा होता. आता ती तुला शिव्या घालत नाही. सुकेळ्यांचा डबा उघडून तिने शेजारीपाजारी वाटून टाकला. मला म्हणाली, "मितूला आता बोलवू नको. तो बराबर हाय." भाकरी करायला चुलीपाशी बसत नाही. फुलांना हात लावत नाही. कोणी चहाचा कप पुढे केला तर हात पदराखाली घेते आणि कप खाली ठेवायला सांगते. आजार होता तेव्हा अशी नव्हती. बरी झाली आणि अशी झाली.

काल सकाळी मी तिच्या आंघोळीचं पाणी काढत होते. आता ती चिडत नाही, पाटावर गप्प बसून राहते, मी विसण घालते ते बघते. मी पाण्यात हात घातला तेव्हा तिने विचारलं, "पोरीचं कललं का काय? दाखवलं का त्यांनी डाक्टरला?"

मी म्हटलं, "दाखवलं असेल. दादाने कळवलं नाही अजून."

तिने पाय पोटाशी घेतले. मग म्हणाली, "त्या दिशी लय रडली व्हती ना गो ती?"

मला वाटलं आता ही कपाळ बडवून घेईल. मी म्हटलं, "आई, राहू दे ना आता."

"सांग ना. पानी लागल्या लागल्या रडली का मागनं?"

"लागल्या लागल्या. लगेच."

"किंचालली ना? पाय झाडले ना तिनं?"

"हो."

आईने डोळे पुसले, मनगटाने, बोटांचा आता तिला भरवसा नाही. आणि दादा, ती हसली. किती महिन्यांनी हसली.

"बरा झाला, बाय," म्हणाली. "म्हंजे तिला कललं. तिच्या नसा जित्या हायत."

तपासणीच्या निकालाचं पोस्टकार्ड आता पाठवू नकोस. तिला तो मिळाला आहे.

रीमा